पिशाच्च म्हणायच्या आधी निदान विचारा तरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतलं ‘अमेरिकेतली रक्तपिपासू पिशाच्चं’, म्हणजे तिकडे स्वतःला व्हॅम्पायर म्हणवणाऱ्या माणसांवरचं, वाचलं आणि डोकं असं भणभणलं की आज सकाळी डबे भरून झाल्याझाल्या लिहायला बसलेय. तुमचा पेपर आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळेपासून येतो, म्हणून हक्कानं लिहितेय, राग मानू नका. मला मात्र आलाय.

आधी शब्दाचं बोलू. पिशाच्च म्हणजे आपल्याकडे मेलेलं माणूस, वासना अडकलेलं, पिंपळावर बसणारं. ही माणसं जिवंत आहेत हो! स्वतःला मेलेली म्हणवत नाहीत, अमर म्हणवत नाहीत, नोकऱ्या करतात, टॅक्स भरतात. त्यांचं म्हणणं एवढंच असतं की आमच्या अंगात शक्ती टिकत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. कुणी ती दुसऱ्याच्या थोड्याशा रक्तातून घेतो, त्यांना तिकडे सँग्विनेरियन म्हणतात, आणि कुणी रक्ताला हातही न लावता माणसांच्या एनर्जीतून घेतो, ते सायकिक. दोन्ही करणारेही असतात. सुळे बसवून काळे झगे घालून पार्ट्यांना जाणारे बरेच जण नुसते हौशी असतात, आणि तुम्ही फोटो नेमका तसल्या बाईचा छापलात, हनुवटीवर रक्ताचा ओघळ वगैरे दाखवून. त्यावर कडी म्हणजे चौकटीत १९९६ चा फ्लोरिडातला खून. तो पोरगा स्वतःला पाचशे वर्षांचा व्हॅम्पायर म्हणवायचा, खरंय, पण एका खुन्यावरून सगळ्यांना खुनी ठरवायचं हा कुठला न्याय?

मी हे ऐकीव सांगत नाहीये. यांच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं न्यू ऑर्लिन्सला होतो, म्हणजे शेजारच्या मेटरीला. खालच्या मजल्यावर एक बाई राहायची, चाळिशीची, रात्रपाळीला जाणारी, अंगात कायम फिकट पिवळं स्वेटर. माझ्या मुलाला शाळेच्या बसमधून उतरवून घ्यायला मला उशीर झाला की ती थांबायची त्याच्याजवळ. एकदा चहाला आली होती, आल्याचा चहा तिला फार आवडायचा, आणि कप दोन्ही हातांत धरून ती मला म्हणाली, तुला एक सांगायचंय पण घाबरू नकोस. तेव्हा तिनं सांगितलं की मी व्हॅम्पायर आहे, वयात येताना कळलं, मी निवडलेलं नाही. तिचा एकच डोनर होता, जुना मित्र. दोघं नियमानं एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या टेस्ट करायचे आणि मग निर्जंतुक ब्लेडनं बारीकसा छेद, चमचाभर रक्त, संपलं. चावायचं नाही, माणसाचं तोंड घाण असतं म्हणाली. हे मला पटलं का? नाही पटलं. रक्त पिऊन ताकद येते असं कुठल्याही डॉक्टरनं सिद्ध केलेलं नाही, रोग मात्र लागू शकतो, आणि मी तिला तसं तोंडावर सांगितलंही. ती म्हणाली, मलाही माहीत नाही असं का होतं, पण नाही घेतलं तर मी आठवडाभर अंथरुणातून उठू शकत नाही.

तिचं डोकं भयंकर दुखायचं. डॉक्टरकडे गेली, त्यानं सगळं तपासलं आणि शेवटी विचारलं, अजून काही सांगायचंय? ही नाही म्हणाली आणि परत आली. का? तर तिची मुलगी आधीच्या नवऱ्याकडे होती, शनिवार-रविवार यायची. डॉक्टरनं कागदावर वेडी म्हणून लिहिलं आणि ते वकिलापर्यंत गेलं तर तेही बंद होईल. ही भीती तिच्या एकटीची नव्हती. आयडाहो स्टेट युनिव्हर्सिटीच्या डी. जे. विल्यम्स यांनी पुढे अशा ११ लोकांशी बोलून अभ्यास केला, त्यात हेच निघालं, डॉक्टर-समुपदेशकांना सांगायला ही माणसं घाबरतात, मनोरुग्ण नाहीतर सैतान ठरवतील म्हणून. जॉन एडगर ब्राउनिंग नावाचे संशोधक तर न्यू ऑर्लिन्स आणि बफेलो या शहरांतल्या अशाच लोकांमध्ये पाच वर्षं वावरले, एकदा स्वतःचं रक्तही दिलं. तुमच्या लेखकाला यातलं काहीच सापडलं नाही? न्यू ऑर्लिन्समधली व्हॅम्पायर असोसिएशन, म्हणजे या लोकांची संघटना, कतरिना वादळ आलं त्याच वर्षी, २००५ ला सुरू झालेली, सणासुदीला बेघरांना जेवण द्यायची. ही बाईसुद्धा आदल्या रात्री भलंमोठं पातेलं भरून रेड बीन्स शिजवायची, आपल्या राजम्यासारखे, सगळ्या जिन्यात वास.

आणि मी काय केलं ते ऐका. चहाच्या दिवसानंतर मी मुलाला खाली पाठवणं बंद केलं. ईस्टरला तिनं त्याच्यासाठी चॉकलेटची टोपली दारात ठेवली होती, गुलाबी रिबिन बांधून. मी ती तशीच काळ्या पिशवीत घालून कचऱ्यात टाकली. रात्री रकून नावाच्या तिकडच्या प्राण्यानं पिशवी फाडली, सकाळी बघते तर चॉकलेटं, टोपली, रिबिन सगळं हिरवळीवर पसरलेलं आणि ती कामावरून येऊन तिथेच उभी. तिनं वाकून एकेक उचललं, रिबिनीची घडी घातली, डब्यात टाकलं, झाकण नीट लावलं आणि आत गेली. मी वर खिडकीत होते, मला खाली उतरायचं धैर्य झालं नाही. त्यानंतर नुसतं गुड मॉर्निंग, २०१४ ला आम्ही परत आलो तोपर्यंत. तिनं माझ्या पोराचं नखाएवढं वाईट केलं नव्हतं. माझ्या डोक्यात जे भरलेलं होतं ते असल्याच लेखांनी आणि फोटोंनी भरलेलं होतं, म्हणून काल तुमचं पान बघून हात थरथरले माझे.

शिवाय त्या खुनाच्याच चौकटीत ‘पॉर्फिरिया या आजारामुळे माणूस रक्त पितो’ असं बिनधास्त छापलंय. १९८५ ला डेव्हिड डॉल्फिन नावाच्या कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी तसा तर्क मांडला होता, तो टिकला नाही, आणि त्रास झाला तो बिचाऱ्या पेशंटना. पॉर्फिरिया म्हणजे रक्तातल्या लाल रंगद्रव्याचा एक घटक शरीरात नीट तयार न होण्याचा दुर्मिळ आजार, त्यात रक्ताची तहान वगैरे काही लागत नाही. आपल्याकडेही असे पेशंट आहेत, त्यांच्या घरी तुमचा पेपर येत असेल.

आता निघालंच आहे तर, पावसाळ्यात मी टँकरच्या पाण्याबद्दल पत्र पाठवलं होतं ते तुम्ही मधलं कापून असं छापलंत की मीच टँकरवाल्यांची बाजू घेतेय असं वाटावं. सोसायटीत दोन महिने बोलणी खाल्ली. तेव्हा हे पत्र छापायचं तर पूर्ण छापा, जागा नसेल तर छापू नका, आणि वर मथळ्यात पुन्हा पिशाच्च घालू नका. पॉर्फिरियाचा खुलासा मात्र येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात यायला हवा.

आपली,
एक जुनी वाचक, डोंबिवली (पूर्व)