कावळा बसला, फांदी मोडली. पण फांदी किती किडली होती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रशियाच्या कामचाट्का किनाऱ्याजवळ ३० जुलै २०२५ रोजी ८.८ क्षमतेचा भूकंप झाला आणि ३ ऑगस्टला तिथला क्राशेनिन्निकोव्ह ज्वालामुखी काही शतकांनंतर फुटला. ‘भूकंपाने ज्वालामुखी जागा केला’ असा मथळा अशा वेळी हमखास येतो. त्यात कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडल्याचा भाग किती आणि खरा कार्यकारणभाव किती, हे बऱ्याच अंशी तपासता येते.

भूकंपाने शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, तयार होत नाही. भूकंप फक्त भूकवचातला ताण इकडचा तिकडे करतो, तोही दोन प्रकारे. भ्रंशावरचे, म्हणजे भूकवचातल्या मोठ्या भेगेवरचे, खडक सरकले की भोवतालचा ताण कायमचा बदलतो. हा बदल अंतराबरोबर झपाट्याने घटतो. भ्रंशापासून पुरेसे दूर गेल्यावर अंतर दुप्पट झाले की जेमतेम आठवा हिस्सा उरतो. दुसरा ताण भूकंपलहरींचा. तो काही मिनिटांत ओसरतो, पण फार दूर पोचतो. त्याचा हिशेब कागदावर मांडता येतो: खडकाची दृढता गुणिले जमीन हलण्याचा वेग, भागिले लहरीचा वेग. दृढता ३० अब्ज पास्कल, जमिनीचा वेग सेकंदाला १ सेंटिमीटर आणि लहर सेकंदाला साडेतीन किलोमीटर धरली, तर उत्तर ०.९ बारच्या आसपास येते. म्हणजे जवळपास हवेच्या दाबाइतके.

मोडायला टेकलेल्या भ्रंशाला ०.१ बारदेखील पुरतो. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लँडर्सच्या ७.३ क्षमतेच्या भूकंपानंतर सव्वाबाराशे किलोमीटरवरच्या यलोस्टोन या ज्वालामुखी प्रदेशात बारीक धक्के सुरू झाले, ते या लहरींमुळे. स्फोट मात्र झाला नाही. शिलारसाच्या कोठ्याची भिंत फोडायला अंदाजे दहा ते दोनशे बार जादा दाब लागतो. त्यात एखाद्या बारची भर पडून फरक पडायचा, तर उरलेले सगळे आधीच जमलेले असावे लागते.

आणि ताण कोणत्या दिशेने बदलला, हे आकड्याइतकेच महत्त्वाचे. कोठा दाबला गेला तर आतला दाब वाढतो. कोठ्याकडे येणारी भेग सैल झाली तर खालचा शिलारस वर घुसतो. जपानच्या फुजी ज्वालामुखीखाली १७०७ मध्ये दोन्ही एकदम घडले असावे. २८ ऑक्टोबरच्या होएई भूकंपाने सुमारे ८ किलोमीटर खोलीवरचा कोठा आवळला आणि २० किलोमीटरच्या आसपासची वाट मोकळी केली, असे त्या ताणबदलाचे एक गणित सांगते. ४९ दिवसांनी, १६ डिसेंबरला फुजी फुटला. याच फुजीजवळ २०११ च्या ९.० क्षमतेच्या तोहोकू भूकंपानंतर चौथ्या दिवशी सहाच्या आसपासचा धक्का बसला, पण डोंगर ढिम्म राहिला. जपानच्या होन्शू बेटाच्या ईशान्य भागातल्या काही ज्वालामुखींचा परिसर तर त्या भूकंपानंतर १५ सेंटिमीटरपर्यंत खचला.

आता कामचाट्का. पहिली गोष्ट, या द्वीपकल्पावर तीसेक जिवंत ज्वालामुखी आहेत; कोणताही आठवडा घ्या, एखादा धुमसत असतोच. क्ल्युचेव्हस्कोय तर भूकंपाआधीपासूनच धुमसत होता, त्याला या भूकंपाच्या खात्यात टाकणे चूक. दुसरी गोष्ट अंतराची. बातमीत अंतर केंद्रापासून दिले जाते. एवढ्या मोठ्या भूकंपात भ्रंश काहीशे किलोमीटर फाटतो, त्यामुळे अंतर फाटलेल्या पट्ट्यापासून मोजायला हवे. इथे पट्टा केंद्राकडून नैऋत्येला फाटत गेला आणि क्राशेनिन्निकोव्ह आहे केंद्राच्या उत्तरेला, सुमारे २३५ किलोमीटरवर, म्हणजे पट्टा फाटला त्याच्या उलट बाजूला. तरीही चार दिवसांची जवळीक आणि शतकांची शांतता पाहता संबंध नाकारता येत नाही. १९६० च्या चिलीतल्या ९.५ च्या भूकंपानंतर तिथला कॉर्दोन काउये ज्वालामुखी तर ३८ तासांतच फुटला होता. पण स्फोटाआधीची जमिनीची फूग, वायूंचे मोजमाप आणि बारीक धक्क्यांची नोंद पाहिल्याशिवाय ‘शक्यता’ याच्या पुढचा शब्द वापरू नये.

अंदमानच्या बॅरन या ज्वालामुखी बेटाबाबतही हेच. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपानंतर पाच महिन्यांनी, मे २००५ मध्ये ते पेटले, म्हणून त्सुनामीच्या भूकंपाकडे बोट दाखवले जाते. पण तेच बेट १९९१ मध्ये आणि पुन्हा १९९४-९५ मध्ये अशा कोणत्याही महाभूकंपाशिवाय पेटले होते.

उलटा प्रवास, म्हणजे ज्वालामुखीमुळे भूकंप, बातम्यांत क्वचितच दिसतो, खरे तर त्याचा पुरावा अधिक पक्का आहे. २६ जून २००० पासून जपानच्या मियाकेजिमा या ज्वालामुखी बेटाखालचा शिलारस आडवा, समुद्रतळाखालून वायव्येकडे सरकला. डाइक, म्हणजे शिलारसाने भरलेली उभी भेग, रुंदावत गेली तसे तिच्या दोन्ही टोकांचे खडक ताणले गेले आणि तीन क्षमतेवरचे सुमारे सात हजार धक्के बसले. त्यांतले पाच सहाच्या वरचे होते. हवाईत किलाउएआ ज्वालामुखीच्या पूर्व पट्ट्यात ३ मे २०१८ रोजी लाव्हा बाहेर पडू लागला आणि दुसऱ्याच दिवशी डोंगराची दक्षिण बाजू सरकून ६.९ चा भूकंप झाला.

आपल्याकडे पालघरच्या धक्क्यांनंतर गरम पाण्याच्या कुंडांकडे बोट दाखवून ज्वालामुखीची भीती घातली जाते. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्याला पोसणारा शिलारस केव्हाच गोठला. वज्रेश्वरी-गणेशपुरीचे पाणी भेगांतून खोल उतरून तापते आणि वर येते. ताणबदलाचे आपले उदाहरण कोयनेचे. ११ डिसेंबर १९६७ च्या ६.३ च्या भूकंपामागे जलाशयाचे वजन आणि खडकांच्या भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब यांचा हात मानला जातो. या जलाशयाची, शिवसागराची, पातळी झपाट्याने वाढते किंवा उतरते, त्या आठवड्यांत तिथल्या धक्क्यांची बातमी देताना पाणीपातळीचा आकडाही शेजारी छापावा, ही विनंती.

आपला,
भूशास्त्राचा एक अध्यापक, कराड