१९७१ पुढे नुसते ‘रिक्त’ का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पुरवणीतील अमेरिकेतल्या फुटबॉलवरचा (तिथल्या भाषेत ‘सॉकर’वरचा) लेख आवडला. मात्र सोबतच्या चौकटीत तिथल्या विद्यापीठांच्या विजेत्या पुरुष संघांची जी यादी आहे, तिच्यात १९७१ या वर्षापुढे नुसते ‘रिक्त’ असे छापले आहे. त्या वर्षी स्पर्धाच झाली नसावी, असा कुणाचाही समज होईल. स्पर्धा झाली, मायामीच्या ऑरेंज बोल मैदानावर अंतिम सामनाही झाला आणि तो वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाने ३-२ असा जिंकला. नंतर ते विजेतेपद काढून घेण्यात आले. एवढी तळटीप तरी हवी होती.

हॉवर्ड हे १८६७ साली, म्हणजे अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर दोनच वर्षांनी, स्थापन झालेले कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ. कमला हॅरिस तिथल्याच, त्यामुळे नाव आपल्याकडे अनोळखी नाही. १९७० मध्ये लिंकन फिलिप्स तिथे प्रशिक्षक म्हणून आले. मूळचे त्रिनिदादचे गोलरक्षक. त्याआधी वॉशिंग्टन डार्ट्स या व्यावसायिक संघात खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी त्यांनी सांभाळली होती. त्यांच्या हाताखाली कॅरिबियन बेटांतून आणि आफ्रिकेतून शिकायला आलेली मुले होती. पहिल्याच हंगामात संघ उपांत्य फेरीत पोचला आणि पुढच्या वर्षी एकही सामना न हरता विजेता झाला.

अंतिम सामन्यात समोर होते सेंट लुईस विद्यापीठ. हा संघ साधा नव्हे. एनसीएए ही विद्यापीठ क्रीडेची नियामक संघटना. तिची फुटबॉल स्पर्धा १९५९ साली सुरू झाली आणि १९७३ पर्यंतच्या पंधरा स्पर्धांपैकी दहांची विजेतेपदे, त्यातले एक विभागून, याच संघाने नेली. शहरातल्या कॅथलिक चर्चच्या वस्ती-लीगमध्ये पोरे लहानपणापासून खेळायची आणि तीच पुढे विद्यापीठाच्या संघात यायची. पेठापेठांच्या तालमींच्या फुटबॉल संघांवर वाढलेल्या आम्हा कोल्हापूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. त्यांचे प्रशिक्षक हॅरी किओ टपाल खात्यात नोकरी करत. १९५० च्या विश्वचषकात अमेरिकेने इंग्लंडला १-० ने हरवले, त्या संघात ते होते. (त्याच विश्वचषकात खेळण्याची संधी भारताने सोडली होती!) त्यामुळे अमेरिकेत फुटबॉल पेलेबरोबर आला, हे लेखातले विधानही तपासून पाहावे. पेले न्यूयॉर्क कॉसमॉसमध्ये आले ते १९७५ च्या जूनमध्ये.

आता विजेतेपद गेले कशामुळे? एनसीएएने हॉवर्डच्या काही खेळाडूंना अपात्र ठरवले. परदेशी विद्यार्थ्यांसाठी तेव्हा एक खास नियम होता. एकोणिसावे वर्ष पूर्ण झाल्यानंतर असा विद्यार्थी मायदेशात कोणत्याही संघाकडून खेळला असेल, तर तसे प्रत्येक वर्ष त्याला विद्यापीठाकडून खेळायला मिळणाऱ्या मोजक्या वर्षांतून वजा व्हायचे. गावच्या हौशी क्लबातून खेळला तरी तेच. अमेरिकी मुलगा मात्र त्याच वयात आपल्या शहरातल्या हौशी संघातून खेळला, तर हा नियम त्याला लागू नव्हता. दुसरा आक्षेप गुणांचा. शालेय निकाल आणि अमेरिकी प्रवेशपरीक्षा यांवरून विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षाच्या गुणांचा आधीच अंदाज बांधायचा आणि तो (४ पैकी) १.६०० च्या खाली असेल तर खेळू द्यायचे नाही, असा तो नियम. ब्रिटिश पद्धतीच्या परीक्षा देऊन आलेला त्रिनिदादचा मुलगा या कोष्टकात बसणार कसा? गंमत म्हणजे हा १.६०० चा नियम एनसीएएने स्वतःच १९७३ मध्ये मोडीत काढला.

हॉवर्ड न्यायालयात गेले. परदेशी विद्यार्थ्यांचा नियम कायद्याचे सर्वांना समान संरक्षण या घटनेतील तत्त्वात बसत नाही, असा निकाल वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने १९७३ मध्ये दिला आणि वरच्या न्यायालयाने १९७५ मध्ये तो कायम ठेवला. पण उरलेल्या नियमांच्या आधारे शिक्षाही कायम राहिली. विजेतेपद परत मिळाले नाही, आणि ते सेंट लुईसलाही दिले गेले नाही. माझ्या मते हा निवाडा कायद्यात बसला तरी न्यायाला धरून नव्हता. एक नियम न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला आणि दुसरा संघटनेनेच रद्द केला; अशा नियमांच्या आधारे पुसलेले नाव पुन्हा लिहायला पन्नास वर्षे पुरेशी आहेत.

खटला वरच्या न्यायालयात असतानाच, डिसेंबर १९७४ मध्ये, हॉवर्ड पुन्हा अंतिम फेरीत आले. पुन्हा समोर सेंट लुईस, आणि तेही त्यांच्याच शहरात, बुश स्टेडियमवर. निर्धारित वेळेत बरोबरी झाली. जादा वेळ एकदा नव्हे, चार वेळा खेळवावी लागली. चौथ्या सत्रात केनेथ इलोडिग्वेने गोल केला आणि हॉवर्डने सामना २-१ असा घेतला. त्या हंगामात १९ सामने, १९ विजय. एनसीएएच्या सर्वोच्च गटात, कोणत्याही खेळात, विजेता ठरलेले हे पहिले कृष्णवर्णीय विद्यापीठ. हे विजेतेपद कुणालाही हिसकावता आले नाही.

‘बाहेरून आणलेली पोरे’ हा आक्षेप आमच्याकडेही नवा नाही. पेठेच्या संघातून आफ्रिकी खेळाडू उतरला की गॅलरीतून काय काय ऐकू येते, ते शाहू स्टेडियमवर बसलेल्या माणसाला विचारा. पण माजिद बिश्कर आणि जमशेद नासिरी हे इराणी तरुण अलिगढ मुस्लिम विद्यापीठात शिकायला आले, तिथून १९८० मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबात गेले, आणि माजिदसारखा खेळाडू भारताच्या मैदानांवर पाहायला मिळाला याचे आजही कौतुक होते. शिकायला आलेला मुलगा खेळतोही चांगला, हा त्याचा गुन्हा कसा?

१९८८ मध्ये हॉवर्ड आणखी एकदा अंतिम फेरीत गेले होते. तो सामना इंडियानाच्या मैदानावर होता आणि इंडियानाने तो १-० असा जिंकला. आपल्या यादीत त्या वर्षाचा विजेता बरोबर आहे. फक्त उपविजेत्यांचा रकाना असता तर हॉवर्डचे नाव तिथेही दिसले असते.

आपला,
एक फुटबॉलवेडा वाचक, कोल्हापूर