अक्का, संकेतस्थळाचे जुने पत्ते तुम्ही जिवंत ठेवलेत

आदरणीय अक्का,

सादर नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही केलेलं काम कुणाला दिसत नाही. आपल्या प्रकल्पाचं संकेतस्थळ नव्या प्रणालीवर गेलं. पानं झटकन उघडतात, साध्या मोबाइलवरही नीट दिसतात, आणि लोक त्याबद्दल माझं कौतुक करतात. ज्या भागाचं ते कौतुक करतात तो भाग बराचसा यंत्राने केला. उरलेलं, खरं जिकिरीचं काम तुम्ही साखर पेठेतल्या प्रेसमध्ये बसून केलंत, तेही ऐन लग्नसराईत, एका पत्रिकेचं प्रूफ गेलं आणि दुसरीचं यायचंय अशा मधल्या वेळात. ते काम काय होतं हे कुठेतरी नीट लिहिलेलं असावं म्हणून हे पत्र.

ज्यांना प्रकल्प माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी आपल्याकडचा सगळा मजकूर श्री-लिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकला जायचा. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर समोर नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते. प्रेस, पतसंस्था, वाचनालयं, शाळा, सगळीकडच्या जुन्या संगणकांत असा मजकूर अडकून पडला आहे. सोलापुरात तर हे तिहेरी दुखणं, कारण इथल्या कुठल्याही जुन्या प्रेसमध्ये मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूचं कामही असतंच. हा अडकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणणारं मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे आपला प्रकल्प, आणि ते कसं वापरायचं हे सांगणारी पानं म्हणजे आपलं संकेतस्थळ.

ते अनेक वर्षं वर्डप्रेस या संकेतस्थळं चालवणाऱ्या प्रणालीवर होतं, आणि वर्डप्रेसने ते चांगलं सांभाळलं. पण सजावटीचा साचा जुना झाला होता. वर्डप्रेस ज्या पीएचपी या संगणकीय भाषेवर चालतं तिच्या ७.४ आवृत्तीवर तो चालायचा आणि पीएचपी ८ वर चालत नव्हता. ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबलं. वरचेवर डेटाबेस सांभाळणं, प्लगइन, म्हणजे वर जोडलेल्या छोट्या सुविधा, अद्ययावत करत राहणं, लॉगिनवर होणारे हल्ले परतवणं, एवढं करायला आपल्यात पुरेशी माणसं नाहीत. म्हणून ह्यूगो घेतलं. त्यात प्रत्येक पान ही मार्कडाउनमधली एक साधी मजकुराची फाइल असते. ह्यूगो त्या फाइलींपासून तयार पानं बनवतं आणि सर्व्हरवर तीच ठेवायची. डेटाबेस नाही, लॉगिन नाही. कुणाला तेलुगू पानातलं एक वाक्य सुधारायचं असेल तर ती एक फाइल बदलून गिटवरून, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या साधनातून, पाठवायची. प्रकल्पाचा कोड जसा सांभाळतो तसाच मजकूरही सांभाळता येतो, हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं.

वर्डप्रेसमधून मजकूर बाहेर काढला आणि तो मार्कडाउनमध्ये रूपांतरितही झाला. अगदी जुन्या काही पानांचा डेटाबेस लॅटिन-१, म्हणजे युरोपीय अक्षरांच्या जुन्या पद्धतीचा, म्हणून नोंदलेला असल्याने तिथलं मराठी विस्कटून आलं, तेही उलट फिरवून सरळ झालं. वर्डप्रेस ज्यावर चालतं त्या मायएस्क्यूएल या डेटाबेसमध्ये २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत, वेगळं सांगितलं नाही तर, लॅटिन-१ हीच पद्धत लागायची, त्यामुळे हा प्रश्न अनेकांना भेटलेला आहे आणि त्याची उत्तरंही तयार मिळतात.

तुमच्याकडे गेलो तो वेगळ्याच कारणाने. नव्या पानांची थोडी प्रुफं बघाल का, एवढंच विचारायला. आणि तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात: “जुने पत्ते चालतील ना?”

हा प्रश्न तुमच्याकडूनच यायला हवा होता. प्रकल्पाची माहितीपत्रकं तुमच्याच प्रेसमध्ये छापली होती. अक्कलकोट, बार्शी, पंढरपूरच्या छापखान्यांत संगणकाशेजारी चिकटवलेले क्यूआर कोडही तुमच्याकडचेच. पडद्यावरचा दुवा बदलता येतो, कागदावर छापलेला बदलता येत नाही. बार्शीत कुणी तो कोड मोबाइलने वाचला आणि पान सापडलं नाही, तर तो माणूस दुसऱ्यांदा प्रयत्न करणार नाही, हे तुम्ही इतक्या खात्रीने सांगितलंत की त्यानंतर आमच्यात या विषयावर वाद उरला नाही.

पण ते करणं सोपं नव्हतं, आणि यामागचं कारण बाहेरच्या लोकांनाही कळायला हवं. युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं. संकेतस्थळाच्या पत्त्यात लिहिताना त्यातल्या प्रत्येक बाइटची पुन्हा ३ चिन्हं होतात. म्हणजे पत्त्यात एका अक्षराला ९ जागा लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त ही वेगळी अक्षरं म्हणून मोजली जातात. वर्डप्रेस शीर्षकापासून पत्ता तयार करताना २०० जागांवर थांबतं. इंग्रजी शीर्षकाला २०० जागा भरपूर झाल्या, मराठीला जेमतेम बावीस अक्षरं मिळतात. “श्री-लिपीतला मजकूर युनिकोडमध्ये” अशी सुरुवात असलेलं आपलं प्रत्येक पान “श्री-लिपीतला-मजकूर-युनिक” इथे तुटायचं, आणि पुढची पानं त्यालाच २, ३, ४ असे आकडे लावून ओळखली जायची. कुठला आकडा कुठल्या पानाचा, हे शीर्षकावरून यंत्राला जुळवता येईना.

ते तुम्ही जुळवलंत. कॅल्क या तक्ते बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या शीटमध्ये एका बाजूला जुना पत्ता, दुसऱ्या बाजूला नवा, आणि मधल्या रकान्यात तुमची खूण. आकड्यांवर विसंबून न राहता प्रत्येक जुनं पान उघडून, वाचून मग जोडी लावलीत. ह्यूगोत पानाच्या माथ्यावर त्याचे जुने पत्ते लिहून ठेवायची सोय आहे. अशा प्रत्येक पत्त्यावर एक छोटंसं पान तयार होतं आणि ते वाचकाला नव्या जागी नेऊन सोडतं. तुमची शीट मी त्या फाइलींत उतरवली. आज माहितीपत्रकावरचा कुठलाही कोड वाचा, योग्य पान उघडतं.

विंडोज एक्सपीवरची पानं वगळावीत असं आमच्यातल्या काहींचं मत होतं. एक्सपीचा आधार कंपनीने ८ एप्रिल २०१४ लाच संपवला, मग ती पानं कशाला वाहायची, असा विचार होता. तुम्ही म्हणालात, जुना फॉन्ट ज्या संगणकावर आहे तो संगणकही जुनाच असणार. ज्याला आपली सगळ्यात जास्त गरज आहे तो माणूस एक्सपीसमोरच बसलेला असतो. पानं राहिली. मला आता वाटतं, या सगळ्या बदलातला हा सर्वांत योग्य निर्णय होता.

मग वाचन सुरू झालं. पडद्यावर चूक दिसत नाही म्हणून तुम्ही पानं कागदावर छापून घेतलीत आणि लाल पेनने तपासलीत. दुसऱ्याच गठ्ठ्यात तुम्ही “दुसऱ्या” या शब्दाभोवती गोल केलात. तिथे “दुसर्या” असं झालं होतं. “वाऱ्या”, “तऱ्हा”, “करणाऱ्या”, सगळीकडे तोच प्रकार. आपला हा आडवा र संगणकात दोन पद्धतींनी लिहिला जातो: एक म्हणजे ऱ हे अक्षर वापरून, दुसरी म्हणजे साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे एक न दिसणारं, शून्य रुंदीचं जोडचिन्ह घालून. रूपांतर करणारं साधन न दिसणारी चिन्हं कचरा समजून काढून टाकत होतं. त्याच्या दृष्टीने ती साफसफाई होती. मराठीत मात्र तेवढ्याने शब्द बिघडतो. दुवे तपासणारी कुठलीही यंत्रणा हे पकडत नाही, कारण तिच्या लेखी पान उघडतं, मजकूर आहे, सगळं ठीक आहे. तुमच्या डोळ्यांनी ते पकडलं. मग सगळीकडे ऱ वापरायचं ठरवलं आणि पुन्हा असं घडू नये म्हणून एक तपासणी कायमची जोडून दिली.

ल आणि श चं तर तुम्ही लांबूनच ओळखलंत. कागद हातात घेण्याआधीच, “हा ल आपला नाही,” म्हणालात. अक्षरं बरोबर होती, वळण हिंदीचं होतं. मराठी ल आणि श कसे असावेत हे २००९ च्या शासन निर्णयात आहे, आणि काही चांगल्या युनिकोड फॉन्टांत दोन्ही वळणं असतात. त्यातलं कुठलं दाखवायचं हे पानाच्या माथ्यावर लिहिलेल्या भाषेच्या खुणेवरून ठरतं. नव्या साच्यात प्रत्येक पानावर भाषा इंग्रजी अशी नोंद येत होती. ती मराठी पानांना मराठी, तेलुगूला तेलुगू अशी दिली आणि ल, श आपोआप आपल्या वळणावर आले. याचा दुसरा फायदा असा की ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी पान मोठ्याने वाचणारी एनव्हीडीएसारखी मुक्त सॉफ्टवेअरंही याच खुणेवरून कुठल्या भाषेचा आवाज वापरायचा ते ठरवू शकतात. चित्रांखालची वर्णनं तुम्ही मराठीत लिहून दिलीत तीही तिथेच उपयोगी पडतात.

मार्कडाउनला १, २, ३ हे देवनागरी आकडे क्रमवार यादी म्हणून कळत नाहीत, त्यामुळे पायऱ्यांचे परिच्छेद एकमेकांत मिसळले होते. तेही तुम्ही एकेक करून वेगळे केलेत. यावर अधिक लिहीत नाही.

नावांबद्दल मात्र लिहायलाच हवं. आपला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली आहे. म्हणजे ज्याने लिहिलं त्याचं नाव देणं हे बंधन आहे, नुसतं सौजन्य नाही. पण वर्डप्रेसच्या निर्यात फाइलमध्ये पानाच्या मूळ लेखकाचं नाव येतं, त्या पानात पुढे दुरुस्त्या करणाऱ्यांची नावं येत नाहीत. ती डेटाबेसमधल्या जुन्या आवृत्त्यांत राहतात. आणि सगळ्या फाइली मी एकदम गिटमध्ये टाकल्या असत्या तर इतिहासात प्रत्येक पानासमोर फक्त माझं नाव दिसलं असतं. तुम्ही म्हणालात, “लग्नपत्रिकेत एका काकांचं नाव राहिलं तर अख्खा गठ्ठा परत छापतो आम्ही. इथे तर लोकांनी फुकट लिहिलंय.”

ते ऐकल्यावर डेटाबेसमधल्या आवृत्त्या उघडल्या. गिटमध्ये लेखक आणि नोंद करणारा ही दोन नावं वेगळी ठेवता येतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिनक्सच्या गाभ्यासाठी बनवलं, तिथे एकाने लिहिलेला कोड दुसरा नोंदवतो ही रोजची गोष्ट असल्याने ती सोय त्यात आहे. तिचा आधार घेऊन प्रत्येक पान ज्याने लिहिलं त्याच्या नावाने, लिहिलेल्या मूळ तारखेसह नोंदवलं. टोपणनावांमागची माणसं तुम्ही फोन करकरून शोधलीत. कोण कुठल्या प्रेसमध्ये होतं, कोण पुण्याला गेलं, कुणाची मुलगी आता तेच काम बघते, हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? तेलुगू पानांतली पहिली पानं ज्या गुरुजींनी लिहिली ते आता हयात नाहीत. त्यांच्या घरी जाऊन नाव कसं लिहायचं ते विचारून आलात, आणि तेलुगू लिपीतही स्वतः टंकून दिलंत. त्या पानाच्या इतिहासात आज त्यांचं नाव आहे, तारीख त्यांची आहे. तुमच्यामुळे हे घडलं याची मला आयुष्यभर कृतज्ञता वाटेल.

अक्का, मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहिणाऱ्याला मान असतो. वाचणाऱ्याला, जुळवणाऱ्याला, नावं शोधणाऱ्याला तो अजून पुरेसा मिळत नाही, आणि हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. म्हणून यापुढे प्रकल्पाच्या योगदानकर्त्यांच्या यादीत कोड, भाषांतर आणि मुद्रितशोधन अशी तीनही कामं सारख्याच ओळीत येतील. तुमचं नाव घालायला तुम्ही फोनवर नको म्हणालात. इतरांच्या बाबतीत तुम्ही जो नियम लावलात तोच तुम्हालाही लागू होतो, तेव्हा ही एक विनंती मान्य करा.

कन्नड पानांचं काम अजून बाकी आहे. तिथला रफार, ज्याला कन्नडमध्ये अर्कावत्तू म्हणतात, अक्षराच्या डोक्यावर न येता पुढे उजवीकडे लिहिला जातो, आणि जुन्या फॉन्टांत तो टंकलाही त्याच क्रमाने जायचा. त्यामुळे रूपांतरात तो कधीकधी भलत्या अक्षराला चिकटतो. अक्कलकोटच्या एका शिक्षिकेने ही पानं वाचायची तयारी दाखवली आहे. त्यांनाही तुमच्यासारखी कागदावरच हवी आहेत. पहिला गठ्ठा छपाईसाठी या आठवड्यात तुमच्याकडे पाठवतो. मागच्या वेळी तुम्ही कागदाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. या वेळी बिल करा, प्रकल्पाच्या खात्यात त्यासाठी पैसे बाजूला ठेवले आहेत.

आपला,
प्रकल्पाची देखभाल करणारा,
जुळे सोलापूर