बाई, तुम्ही जिन्यात बसलात

बाई, सलाम.

मागचं पत्र मी नाव न घालता लिहिलं होतं, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही. दादांचंही नाही. माझं कमिटीच्या दप्तरात सहीनिशी आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या चर्चच्या कमिटीच्या निवडणुकीआधी मी घरोघरी एक निनावी पत्र टाकलं. दफनभूमीच्या भिंतीच्या दुरुस्तीचे पैसे दादांनी खाल्ले, असं त्यात होतं. बिलं पूर्ण होती, मला माहीत होतं, कारण फाइलला ती मीच लावली होती. दादांनी अर्ज मागे घेतला, उपासनेला यायचे थांबले, वहिनींनी महिला मंडळ सोडलं आणि मी चिटणीस झालो. पत्राच्या शेवटी ‘देवाचा आशिर्वाद आपल्या मंडळीवर राहो’ असंही होतं. हा कळस.

अकरा महिने मजेत गेले. दोघातिघांना संशय होता, त्यांनी पाठ थोपटली. ‘बरं झालं, फार चढले होते.’ तेव्हाच्या पाळकसाहेबांनी चहाडीवर उपदेश केला, पण इतका मोघम की मीसुद्धा मान डोलावली. एकदा मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांकडे अर्धंमुर्धं सांगायला गेलो. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, ‘प्रभूने सगळं धुतलंय’ म्हणाले आणि सोसायटीच्या पार्किंगचा विषय काढला. धुवायला काय टाकलंय, ते तरी बघाल की नाही?

दर रविवारी पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, म्हणतो आपण. त्यात ‘आम्ही’ असतं. ‘आम्ही’ फार ऐसपैस शब्द आहे, मी त्यात मांडी घालून बसायचो. बायबलातलं 51वं स्तोत्र मात्र एकवचनी आहे: ‘माझे पाप माझ्यापुढे नित्य आहे.’ नाथान संदेष्टा दावीद राजाला त्याचं पाप दाखवायला गेला त्यानंतरचं ते, स्तोत्राच्या माथ्यावरच लिहिलंय. नाथान गेला तो थेट राजासमोर, पत्रकं वाटत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 18व्या अध्यायातही चूक दाखवायचा क्रम सरळ आहे. आधी दोघंच एकांतात, मग एकदोन जण सोबत घेऊन, आणि शेवटी मंडळी. आपल्याकडे उलटं चालतं. आधी व्हॉट्सॲप, मग स्वयंपाकघरं, आणि ज्याचं त्याला कळतं सगळ्यात शेवटी. 1813 साली अमेरिकन मिशनरी या मुंबईत उतरले. दोनशे वर्षांत गायन, उपासना, हार्वेस्टच्या, सुगीच्या सणाचा लिलाव सगळं चोख शिकलो, फक्त एकमेकांची कडी वाजवायची राहिली.

तुम्ही वाजवलीत. दारातच म्हणालात, “आशीर्वादातला ‘शी’ दीर्घ असतो रे. किती वेळा सांगायचं तुला?”

मी म्हटलं, “ते पत्र मी नाही लिहिलं.”

“पत्राचं मी कुठं म्हटलं?”

रविवारच्या शब्बाथशाळेत सात वर्षांचा असताना माझ्या पाटीवर तुम्ही ती वेलांटी पुसून पुन्हा काढली होतीत. पत्र मी मुद्दाम ऑफिसात टाइप केलं, अक्षर ओळखू नये म्हणून. ऱ्हस्वदीर्घ कोण बघतं! त्यानंतर तासभर मी वकिली केली. इतरांनी काय काय केलंय त्याची यादी वाचली, दादांच्या स्वभावावर घसरलो. तुम्ही चहा बशीत ओतून प्यायलात आणि कप ठेवताना म्हणालात, “शनिवारी जाऊ या.” जा नव्हे, जाऊ या. त्या ‘या’वर मी चार रात्री काढल्या.

शनिवारी पाऊस. गुडघ्यांचं तुम्हाला एवढं, तरी टॅक्सी नको म्हणालात. भायखळ्याहून स्लो लोकल, करी रोडचा पूल, मग दादांची चाळ, तिसरा मजला, लाकडी जिना. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तुम्ही पिशवीतून वर्तमानपत्र काढलंत, पायरीवर पसरलंत आणि बसलात.

“तुम्ही नाही येत?”

“मी आले तर ते माझ्या तोंडाकडे बघून माफ करतील. जा.”

बाई, या एका वाक्यासाठी हे पत्र आहे.

वर दादांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, “बिलं तूच लावली होतीस ना?” हो म्हटलं. “मग?” या ‘मग’ला उत्तर नव्हतं, आजही नाही. गळाभेट वगैरे काही झाली नाही. जा आता, म्हणाले. मी निघालो.

तुम्ही तिथंच होतात. चाळीस मिनिटं. एक पाय लांब करून, कुणी पाण्याचा हंडा घेऊन आलं की तो जवळ ओढून वाट देत. मला वाटलं विचाराल, काय म्हणाले. तुम्ही नुसता हात पुढे केलात. “उठव.” मी उठवलं. त्या दिवशी माझा काही उपयोग झाला असेल तर तेवढाच.

पुढचं कमिटीतलं, राजीनामा आणि माफीपत्र, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ज्यांनी पाठ थोपटली होती तेच आता विचारतात, सगळ्यांसमोर वाचून दाखवायची काय गरज होती. त्यांनाही सलाम. चूक दाखवणारे आपल्याकडे रग्गड आहेत बाई, दाखवताना तोंड गोड होतं त्यांचं. तुमचं तोंड त्या दिवशी कडू झालेलं मी पाहिलं. आमच्या वडिलांचा एक शिंपी होता, कपडा देताना स्वतःच म्हणायचा, इथे माझा हात चुकलाय, बघून घ्या. तुमच्यामुळे तो फार वर्षांनी आठवला. वडील शेवटपर्यंत त्याच्याकडेच शिवत.

दादा अजून आलेले नाहीत. येतील असं मी गृहीत धरत नाही. पण गेल्या रविवारी तुम्ही लेकीकडे होतात तेव्हा वहिनी आल्या, शेवटच्या बाकावर बसल्या. उपासना सुटल्यावर माझ्याकडे न बघता एक छत्री हातात दिली. “बाईंची आहे. जिन्यात राहिली होती.”

घरी ठेवलीय, रविवारी आणतो. एक काडी वाकलीय, ती आधीचीच असावी.

तुमचा,
शब्बाथशाळेच्या मागच्या बाकावरचा