‘रिबेका’तील बदललेला गुन्हा

महोदय,

डॅफ्ने द्यू मॉरिए यांच्या ‘रिबेका’ (१९३८) या कादंबरीत मॅक्सिम आपल्या पहिल्या पत्नीला गोळी घालतो आणि हे कळूनही कथा सांगणारी त्याची दुसरी पत्नी त्याचीच बाजू घेते, यातच त्या प्रेमकथेची खरी अस्वस्थता आहे. हिचकॉक यांच्या १९४०च्या चित्रपटात मात्र, पत्नीचा खून करणारा नायक शिक्षेविना सुटू नये या हॉलिवूडच्या तत्कालीन आचारसंहितेपायी, तो मृत्यू अपघाती ठरवावा लागला. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, आणि जुडिथ अँडरसन यांनी साकारलेली घराची कारभारीण मिसेस डॅनव्हर्स तर आजही धडकी भरवते. तरी नायिकेचा नैतिक पेच त्यातून निसटलाच. २०२०च्या चित्रपटाने गोळी परत आणली, पण दरारा गमावला. हेमंतकुमार यांच्या गाण्यांसाठी आठवला जाणारा ‘कोहरा’ (१९६४) याच कथेवर बेतला होता, हेही आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.

— एक वाचक, ठाणे