श्रवणाची कावड

महोदय,
श्रावणाबद्दल दरवर्षी भरभरून छापून येते. उपवास, सणवार, मंगळागौर असे सगळे त्यात असते. पण या महिन्याला ज्याचे नाव मिळाले, तो श्रवण तारा मात्र राहून जातो. पौर्णिमेचा चंद्र श्रवण नक्षत्राजवळ असतो, म्हणून हा श्रावण.

श्रवण आपल्यापासून सुमारे 17 प्रकाशवर्षे दूर, म्हणजे अगदी शेजारचा. सूर्याला स्वतःभोवती फिरायला 25 दिवस लागतात, हा दहा तासांच्या आत गिरकी घेतो. त्या वेगाने तो मधोमध फुगला आहे. विषुववृत्तावरचा त्याचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा पाचव्या हिश्शाहून जास्त आहे. 2007 साली अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून त्याच्या पृष्ठभागाचे चित्रही मिळवले गेले.

अरबांनी त्याला उडता गरुड म्हटले. 'अल्टेअर' हे नाव तिथलेच. चीनमध्ये तो गुराखी. आकाशगंगेपलीकडे राहिलेल्या विणकरणीला, म्हणजे आपल्या अभिजित ताऱ्याला, भेटायला तो दोन्ही मुलांना कावडीत घालून निघतो. माझी आजी अंगणात बोट दाखवून सांगायची, "मधला श्रवणबाळ, दोन्हीकडे आईबाप." तेच तीन तारे, तीच कावड! एकीकडे मुले, दुसरीकडे आईवडील. हे आठवले की मला आजही भरून येते.

श्रावणात ढग असतात. ऑक्टोबरच्या संध्याकाळी तो डोक्यावर स्वच्छ दिसतो. तेव्हा आपण त्याचा नकाशा जरूर छापावा, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, वाई