साथ नसतानाही साथरोगतज्ज्ञ लागतात : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

साथरोगतज्ज्ञ होण्याची इच्छा घेऊन सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न अभ्यासक्रमाविषयी नसतो. हे काम निवृत्तीपर्यंत करता येईल का, असे ते विचारतात, आणि आपल्या खात्यातील नेमणुकांची रीत पाहता मला प्रामाणिकपणे होकार देता येत नाही. साथ आली की घाईने जाहिरात निघते, काही महिन्यांच्या करारावर माणसे घेतली जातात, रुग्णसंख्या उतरली की करार संपतो. पुढची साथ येते तेव्हा नव्या माणसांना सगळे पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते. ही रीत आपण बदलावी, एवढ्याचसाठी हे पत्र आहे.

साथरोगतज्ज्ञाचे बहुतांश काम साथ नसताना चालते. कोणत्या तालुक्यात कोणत्या महिन्यात तापाचे किती रुग्ण एरवी असतात, हे वर्षानुवर्षे पाहिलेले असेल तरच यंदाचा आकडा वावगा आहे की नाही, हे सांगता येते. रुग्ण अचानक वाढल्याची बातमी आली की आधी ती वाढ खरी आहे की नव्या प्रयोगशाळेमुळे नुसत्या नोंदी वाढल्या आहेत, हे तपासावे लागते. मग रुग्ण कोणाला म्हणायचे याची व्याख्या ठरते, प्रत्येकाचे वय, राहण्याचे ठिकाण, लक्षणे सुरू झाल्याची तारीख यांची यादी तयार होते, तारखांवरून आलेख काढला जातो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आजारी न पडलेल्यांनाही तेच प्रश्न विचारले जातात. आजाऱ्यांपैकी बहुतेकांनी एका विहिरीचे पाणी प्यायले होते, हे कळून भागत नाही. निरोगी राहिलेल्यांपैकी किती जणांनी ते प्यायले होते, हे कळल्याशिवाय त्या माहितीला अर्थ नसतो. पुस्तकातून हे आठवडाभरात समजते. लोकांशी बोलताना, अर्धवट नोंदी जुळवताना आणि चुकीचा संशय वेळीच सोडून देताना ते अंगी बाणायला मात्र काही वर्षे जातात.

1854 साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाची हकिकत आपल्याला ठाऊक असेलच. जॉन स्नो या डॉक्टरांनी कॉलऱ्याचे मृत्यू त्या पंपाभोवती एकवटल्याचे दाखवले आणि पंपाचा दांडा काढायला लावला, असे बहुधा सांगितले जाते. दांडा निघेपर्यंत साथ ओसरू लागली होती, हे क्वचितच सांगितले जाते. माझ्या मते या हकिकतीतली अधिक मोलाची व्यक्ती दुसरीच आहे. स्नो यांना मृतांची यादी मिळाली ती सरकारच्या जनरल रजिस्टर ऑफिसातून, आणि तिथे विल्यम फार हे पगारी संख्याशास्त्रज्ञ मृत्यूंच्या नोंदी कारणांनुसार लावून ठेवत होते. फार यांना स्वतःला त्या काळी कॉलरा दूषित हवेतून पसरतो हेच मत अधिक पटत होते. मात्र ते सुमारे चार दशके त्याच कार्यालयात राहिले, आणि 1866 मध्ये पूर्व लंडनमध्ये पुन्हा कॉलरा उसळला तेव्हा एका विशिष्ट पाणीपुरवठा कंपनीच्या ग्राहकांमध्येच मृत्यू एकवटले आहेत, हे त्यांनीच आकड्यांनिशी मांडले. स्नो तोवर हयात नव्हते. कॉलरा पाण्यातून पसरतो, ही स्नो यांच्या हयातीत मान्य न झालेली गोष्ट पुढे सरकारदरबारी पोचली, कारण त्या खुर्चीत तीच नोंद सांभाळणारी तीच व्यक्ती होती. फार यांची नेमणूक साथीपुरती असती तर?

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. 5 जून 1981 रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या दुर्मीळ न्यूमोनियाविषयी टिपण छापले गेले; पुढे एड्स म्हणून ओळखल्या गेलेल्या आजाराची ती पहिली अधिकृत नोंद होती. त्याच सुमारास पेंटामिडीन या त्याच न्यूमोनियावरील, एरवी फारसे न लागणाऱ्या औषधाच्या मागण्या हाताळणाऱ्या सँड्रा फोर्ड या तंत्रज्ञ महिलेलाही त्या केंद्रात काहीतरी वेगळे जाणवले होते. मागण्या वाढल्या होत्या, आणि ज्यांच्यासाठी त्या येत होत्या त्यांची प्रतिकारशक्ती खालावण्याचे कारण दिसत नव्हते. त्यांनी वरिष्ठांना कळवले. नेहमीचे काय असते हे त्यांना रोजच्या कामातून माहीत होते, म्हणून नेहमीपेक्षा वेगळे ते त्यांच्या नजरेस पडले.

प्रशिक्षणाची वाटही नव्याने शोधावी लागणार नाही. अलेक्झांडर लँगम्यूर यांनी 1951 मध्ये त्याच केंद्रात एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस सुरू केली. त्यात उमेदवार दोन वर्षे प्रत्यक्ष नेमणुकीवर राहून, अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली खऱ्या साथींचा तपास करत शिकतात. त्याच धर्तीचे कार्यक्रम पुढे अनेक देशांनी उभारले. दर 2 लाख लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित क्षेत्रीय साथरोगतज्ज्ञ असावा, हा मापदंडही देशांच्या सज्जतेच्या आंतरराष्ट्रीय मूल्यमापनात वापरला गेला आहे. आपल्या कार्यक्षेत्राची लोकसंख्या दोन लाखांनी भागून येणारा आकडा भरलेल्या कायम पदांच्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा, अशी माझी विनंती आहे.

या पदांवर केवळ डॉक्टरच असावेत, ही अट मला चुकीची वाटते. परिचारिका, पशुवैद्यक, संख्याशास्त्रज्ञ, कीटकशास्त्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हे सारे या कामात उत्तम ठरू शकतात, कारण प्राण्यांतून माणसांत येणारा आजार असो की डासांमुळे पसरणारा, एकट्या वैद्यकीय शिक्षणाच्या बळावर तो उलगडत नाही. शिवाय हे काम संसर्गजन्य आजारांपुरतेही नाही. धूम्रपानाचे दुष्परिणाम पाहण्यासाठी रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी 1951 मध्ये ब्रिटिश डॉक्टरांचा जो पाठपुरावा सुरू केला, तो 50 वर्षे चालला. हृदयविकार, कर्करोग, रस्त्यावरचे अपघात, कारखान्यांतील विषबाधा यांचा माग याच शास्त्राने घ्यावा लागतो, आणि त्यासाठी साथ येण्याची वाट पाहायची नसते.

म्हणून जिल्हा पातळीपासून संचालनालयापर्यंत बढतीच्या पायऱ्या असलेली साथरोगतज्ज्ञांची स्वतंत्र कायम सेवा निर्माण करावी. पहिली दोन वर्षे पगारी क्षेत्रीय प्रशिक्षणाची असावीत आणि मागच्या साथीत करारावर राबलेल्यांना त्यात प्राधान्य मिळावे. जे आपण आधीच शिकवले आहे, ते वाया जाऊ देण्याचे काही कारण नाही. या अधिकाऱ्यांना आपले साप्ताहिक निष्कर्ष वरून परवानगी न मागता प्रसिद्ध करता यावेत, ही माझी सर्वांत आग्रहाची मागणी आहे. वाढता आकडा कळवला तर बदली होईल, या भीतीखाली काम करणारा तज्ज्ञ नेमूनही काही साधणार नाही, आणि ज्या तरुणांना मला या क्षेत्रात पाठवायचे आहे, ते पगाराइतकीच याचीही चौकशी करतात.

येत्या अर्थसंकल्पात यांपैकी किती पदांची तरतूद होणार आहे, हे आपण सभागृहात सांगावे. या वर्षी बाहेर पडणारे विद्यार्थी त्या उत्तरावर आपला निर्णय घेणार आहेत.

आपली विश्वासू,
सार्वजनिक आरोग्य विषयाची एक अध्यापिका